मुलांच्या ऑपरेशनआधीच्या औषधाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ऑपरेशनआधी मुलांना पाजतात ते गुंगीचं औषध डॉक्टरांच्या सोयीसाठी असतं, त्याने मेंदू मंद होतो, त्यापेक्षा घरूनच झोपेचं सिरप पाजून न्या, असं त्यात म्हटलंय. मी भूलतज्ज्ञ आहे. शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी त्याबद्दल.

घरून औषध पाजलेलं मूल गाडीतच पेंगायला लागतं. गाडी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, मान पुढे पडलेली, हनुवटी छातीला टेकलेली. अशा वेळी श्वासाची वाट अरुंद होते. एरवी मूल मान सावरतं, गुंगीत सावरेलच असं नाही, आणि पुढे बसलेल्या आईबाबांना वाटतं, छान झोपलंय. हॉस्पिटलात आम्ही वजन बघून डोस ठरवतो, मुलावर सतत नजर ठेवतो, ऑक्सिजन हाताशी असतो. घरी काय पाजलंय हे सांगितलंच नाही, तर त्यावर आमची भूल चढते. हे फार धोक्याचं आहे.

आता ‘सोय’. बहुतेक वेळा हे औषध म्हणजे मिडॅझोलम. तोंडावाटे किलोमागे साधारण ०.५ मिलिग्रॅम, भुलीच्या २०-३० मिनिटं आधी. चवीला कडू, म्हणून गोड सिरपात. त्याने मूल गाढ झोपतंच असं नाही. सैलावतं आणि आईच्या कडेवरून निमूटपणे नर्सकडे जातं. रडतं-ओरडतं पोर दाबून धरून तोंडावर मास्क लावला, तर पुढे कित्येक दिवस ते रात्री दचकून उठू शकतं, अंथरूण ओलं करू शकतं. सोय झाली ती त्या मुलाची.

मेंदूबद्दल मेसेज अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेचं, नाव घेतो. २०१६ चा तो इशारा तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ दिलेल्या भुलीबद्दल आणि गुंगीच्या औषधांबद्दल होता. एकदाच, थोड्या वेळासाठी दिल्याने अपाय होण्याची शक्यता कमी, हेही त्यातच लिहिलंय. ते वाक्य मेसेजात गाळलंय, याचा मला खरोखर राग येतो.

प्रत्येक मुलाला हे औषध लागतंच असं मात्र नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांना सहसा देत नाही. काहींचं मोबाइलवरच्या कार्टूनवर भागतं. काही मुलं औषधाने उलट चिडचिडी होतात. टॉन्सिलमुळे घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या मुलांना आम्ही ते टाळतो किंवा फार जपून देतो. म्हणून घोरणं, सर्दी, आदल्या रात्रीचं खोकल्याचं औषध, सगळं भूलतज्ज्ञाला सांगा, आणि ‘माझ्या मुलाला हे का देताय?’ असं बेधडक विचारा.