लिंक काढली तर गूगल दंड करतं म्हणे!

‘तुमच्या वेबसाइटवर आमच्या ५० साइटच्या लिंक टाका, त्या ५० साइट तुमची लिंक टाकतील, ३० दिवसांत गूगलच्या पहिल्या पानावर!’ नागपुरातल्या घरगुती धंदेवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. फिरू द्या म्हटलं होतं. पण सक्करदऱ्याच्या माझ्या मावशीने त्यापायी पैसे मोजले. तिचा सावजी मसाल्याचा धंदा. आता तिच्या साइटवर ‘आमचे मित्र’ नावाचं पान आहे आणि मसाल्याच्या फोटोखाली ओळीने झटपट कर्ज, ऑनलाइन रमी, केसरोपण आणि सुरती साड्या. कोण हे मित्र, बाप्पा? मावशीलाही माहीत नाही.

मेसेज म्हणतो, गूगल लिंकला मत मानतं, म्हणून जितक्या लिंक तितका वरचा नंबर. अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेली पेजरँकची, म्हणजे लिंकांवरून पानांचा क्रम लावायची, कल्पना तीच होती. पण कोणाची लिंक किती वजनाची, हेही त्यातच होतं. रमीवाल्याने मसालेवालीला दिलेली लिंक म्हणजे पाचशेच्या आहेरावर पाचशेचा परतीचा आहेर. हातात काय उरलं?

आणि गूगलने हे लपवून ठेवलेलं नाही. त्यांचे स्पॅमविषयीचे नियम कोणालाही वाचता येतात. ‘तुम्ही मला लिंक द्या, मी तुम्हाला देतो’ अशी अतिरेकी देवाणघेवाण आणि केवळ एकमेकांना लिंक देण्यासाठी बनवलेली पानं, दोन्ही तिथे लिंक स्पॅम म्हणून नोंदलेली आहेत. मावशीचं ‘मित्र’ पान त्यात चपखल बसतं. मनाई अतिरेकाला आहे, सगळ्याच लिंकांना नाही. भिवापुरी मिरची देणाऱ्याने ‘आमची मिरची इथे जाते’ म्हणून मावशीची लिंक दिली आणि तिने त्याची दिली, तर कोणाचं काही बिघडत नाही.

मेसेज पुढे म्हणतो, ‘तीन साइटची साखळी केली की गूगलला कळत नाही.’ म्हणजे पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला लिंक द्यायची. असल्या लिंकांसाठी २०१२च्या एप्रिलमध्ये गूगलचं पेंग्विन नावाचं अपडेट आलं, २०१६ मध्ये ते निकालांचा क्रम लावणाऱ्या मुख्य अल्गोरिदममध्येच गेलं, आणि डिसेंबर २०२२ पासून अशा लिंक निष्प्रभ करायला स्पॅमब्रेन ही गूगलची स्पॅम ओळखणारी एआय यंत्रणाही आहे. बहुतेक वेळा शिक्षा होत नाही, लिंक नुसती मोजलीच जात नाही. म्हणजे पैसे पाण्यात.

‘डोमेन ऑथॉरिटी ४० करून देऊ.’ साइट किती वर येईल याचा अंदाज सांगणारा तो आकडा मॉझ या कंपनीचा, गूगलचा नाही. पुढे.

खरा संताप शेवटच्या ओळीचा: ‘एकदा टाकलेली लिंक काढू नका, काढल्यास गूगल दंड करतं.’ मावशी याच ओळीला घाबरली आहे. असा नियम कुठेही नाही, उलटंच आहे. विकतच्या किंवा अदलाबदलीच्या लिंक तुमच्या साइटवरून बाहेर जात असतील, तर गूगलचा माणूस तपासून मॅन्युअल अॅक्शन, म्हणजे हाताने दिलेली शिक्षा, लावू शकतो. ती सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत दिसते. ती उठवायची तर त्याच लिंक काढा किंवा त्यांना नोफॉलो (‘ही लिंक मत म्हणून धरू नका’ अशी खूण) लावा, मग फेरविचाराचा अर्ज करा, असं गूगलच सांगतं. म्हणजे ज्या कामाला हा मेसेज दंड म्हणतो, तेच दंडातून सुटायचं काम. मग ‘काढू नका’ काहून? कारण मावशीने पान काढलं तर त्या रमीवाल्याची एक लिंक कमी होते, आणि त्याच्याकडूनही पैसे घेतलेले असणार. शिवाय मसाला घ्यायला आलेल्या बाईने झटपट कर्जाची लिंक दाबली अन् फसली, तर ती नाव मावशीचंच घेईल.

‘सक्करदऱ्यात सावजी मसाला’ शोधणाऱ्याला वर काय दिसावं, हे गूगल प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरवतं: शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक. त्यासाठी गूगलवर धंद्याची माहिती दाखवणारं बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं. मावशीच्या प्रोफाइलवर दुकानाची वेळ अजून भरलेली नाही.

‘मित्र’ पान मी या शनिवारी काढतोय. लिंकवाल्याचा फोन आला तर मावशी, तू बोलू नको, मला दे.