डॉलर कमवून आला म्हणे!

आज पारोळ्याजवळ मामाच्या गावी गेलो होतो. माझा मामेभाऊ, आमचा दादा, फौजेतून रिटायर होऊन आला, त्याची मिरवणूक होती. उघडी जीप, गुलाल, दारोदारी ओवाळणं. मामीचे डोळे सकाळपासून कोरडे नव्हते. आणि चौकात उभा असलेला एक चांगला शिकलेला माणूस बाजूच्याला म्हणतो, "हा कुठं लढला? युनोत जाऊन डॉलर कमवून आला."

तेव्हा गप्प बसलो. मामीचा दिवस होता. आता मात्र बसवत नाही.

दादा युनोच्या शांतिसेनेतून आफ्रिकेत दक्षिण सुदानात होता, मलाकाल शहरात. तिथं आपल्या फौजेचा जनावरांचा दवाखाना आहे, त्यात. हसू नका. तिथल्या माणसाचं लग्न, पत, भांडणं, सगळं गायीवर. गायी पळवण्यावरून गावंच्या गावं मारली जातात. एकदा एक जण अडलेली गाय घेऊन आला, खांद्यावर बंदूक. वासरू आडवं आलेलं. डॉक्टर साहेबांसोबत दादानं कोपरापर्यंत हात घातला, मामाच्या गोठ्यात घालायचा तसाच. गाय आवरेना, तेव्हा त्या माणसानं बंदूक जमिनीवर ठेवली आणि गाय धरली. दादा मला म्हणाला होता, "गाय कोठलीबी राहो भाऊ, तिचं दुखनं आपलंच."

हे लढणं नाही? मग एप्रिल २०१३ मध्ये त्याच देशात जोंगलेई प्रांतात युनोच्या ताफ्यावर हल्ला होऊन आपले ५ जवान गेले, ते काय होतं? त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्याच अकोबो गावातल्या युनोच्या तळावर आसऱ्याला आलेल्या लोकांवर सशस्त्र जमाव चालून आला, त्यात आपले आणखी दोघं गेले. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला काँगोत पडले. परमवीर चक्र मिळालं त्यांना, युनोच्याच मोहिमेत. आजवर आपले जवळपास १८० जण अशा मोहिमांत गेले, दुसऱ्या कुठल्याही देशाचे एवढे गेलेले नाहीत. ते सगळे डॉलर मोजायला गेले होते का?

भत्ता बरा मिळतो, खरं आहे. मामाच्या घरावर स्लॅब त्यातूनच पडला. पडू दे की! दोन खोल्यांसाठी मामीनं किती रात्री फोन उशाशी घेऊन काढल्या, हे त्या चौकातल्या माणसाला कोण सांगणार?

रवांडात १९९४ ला, बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात १९९५ ला युनोच्या फौजा असूनही माणसं मेली, हेही मान्य. आणि इतकं करूनही सुरक्षा परिषदेत आपल्याला कायमची खुर्ची नाही, याचा मलाही राग येतो. पण तो राग दिल्लीवर काढा, न्यूयॉर्कवर काढा. पाठीवर पिशवी टाकून जाणाऱ्या पोरावर कशाला?

१९५३ मध्ये कोरियातलं युद्ध थांबल्यावर तिथं २२ हजारांवर युद्धकैदी सांभाळायला आपली फौज गेली होती. तिचे प्रमुख जनरल थोरात, कोल्हापूरकडचे, मराठी माणूस. दोन्ही बाजूंचा संशय सोसून ते काम केलं. आपल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? शाळेत शिकवतो, म्हणून विचारतोय. मलाही ते दादानंच सांगितलं.

मला मात्र सारखी ती जमिनीवर ठेवलेली बंदूकच दिसते. किती वेळ? वासरू बाहेर येईपर्यंत. नंतर त्यानं ती परत उचललीच असेल, दादाही तेच म्हणतो. पण तेवढा वेळ तर कोणी मेलं नाही ना. दादाला त्या वासराचा रंग अजून आठवतो. तिथं गायीच्या एकेका रंगाला वेगळं नाव आहे म्हणे, आपल्याकडे ढवळ्या, पवळ्या, कबऱ्या म्हणतो तसं.

आत्ता त्याला फोन केला. चौकातलं काही बोललो नाही. मिरवणुकीचा गुलाल धुऊन तो गोठ्यात बसला होता. म्हणाला, उद्या येताना पारोळ्याहून सरकी ढेपेचं पोतं घेऊन ये, म्हैस आटत चालली आहे.