पानं घेतली आहेत!

आमच्या घरात कामांची रीतसर वाटणी आहे. स्वयंपाक ही करते, भांड्यांना मावशी येतात आणि ‘पानं घेतली आहेत, जेवायला चला’ ही बातमी घरभर पोचवायचं खातं माझ्याकडे आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे या माणसाची! एकदा करून बघा म्हणावं. घर साडेसातशे चौरस फुटांचं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून सगळ्यात लांबची खोली अकरा पावलांवर. बोलवायची माणसं तीन. आणि एवढ्यासाठी मी रोज रात्री आठ पस्तीसला सुरुवात करतो, तेव्हा कुठे नवाच्या सुमाराला पहिलं माणूस पाटावर दिसतं. तोवर आमटीवर साय धरलेली असते.

पहिला उपाय अर्थातच हाक. अण्णा, म्हणजे माझे वडील, वय 84, बाल्कनीत बसतात. त्यांना माझी हाक ऐकू येत नाही. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मात्र ते मोजतात आणि ‘त्यांची डाळ अजून शिजली नसणार’ असंही सांगतात. कन्येच्या कानात सतत काहीतरी खुपसलेलं असतं. आणि चिरंजीव बंद दाराआडून ‘आलो’ म्हणतात. ‘आलो’ हे मराठीतलं मोठं चमत्कारिक क्रियापद आहे. रूप भूतकाळाचं, अर्थ भविष्यकाळाचा, आणि वर्तमानात मी दारात उभा.

एकदा असाच दारात उभा असताना मला बेलसाहेबांची आठवण झाली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 10 मार्च 1876 रोजी बॉस्टनमध्ये टेलिफोनवरून पहिलं वाक्य उच्चारलं. काय बोलले? तर, ‘वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.’ हे वॉटसन कुठे होते? दुसऱ्या खोलीत! म्हणजे जगातला पहिला फोन शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावण्यासाठी झाला. पुस्तकांतून फोनचं कौतुक असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. फोन लागला यात विशेष काही नाही, आमच्याकडेही लागतो. वॉटसन उठून आले, हे विशेष. एका हाकेत! ‘पाच मिनिटं’, ‘एवढी मॅच संपू दे’, ‘भाजी कुठली आहे?’ असलं काही नाही.

बेलसाहेबांबद्दल मला आदर वाटायचं आणखी एक कारण आहे. फोन उचलल्यावर लोकांनी ‘अहॉय’ म्हणावं असं त्यांचं मत होतं. ‘हॅलो’चा आग्रह एडिसनचा, आणि तोच जगाने उचलला. मराठी बायकांनी मात्र बेलचा शब्द राखला. आमच्या स्वयंपाकघरातून दिवसाकाठी पन्नास वेळा ‘अहो’ येतं आणि तार नसताना, टॉवर नसताना, ते मला थेट जिन्यापर्यंत ऐकू येतं. ही सोय उलट्या दिशेने का चालत नाही, ते कळत नाही.

हाकेने जमत नाही म्हणून मी फोन सुरू केले. अकरा पावलांवरच्या माणसाला फोन करताना सुरुवातीला लाज वाटायची. आमची घंटी वाजते तीसुद्धा आधी भिंतीतून ऐकू येते आणि मग फोनमधून. मुलगा फोन कापतो आणि लिहून विचारतो, ‘काय?’ मग मी लिहितो, ‘जेवायला.’ दोन निळ्या खुणा येतात. पूर्वी माणूस निदान ‘ऐकूच आलं नाही’ म्हणून सुटायचा आणि बापाला ते खरं मानता यायचं. 2014 साली या निळ्या खुणा आल्या आणि तेवढं सुखही गेलं. आता त्याने वाचलंय हे मला कळतं, मला कळलंय हे त्याला कळतं, आणि आमटी दोघांनाही न सांगता गार होते.

जगातला पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ नावाच्या तरुण इंजिनियरने तो संगणकावरून रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर पाठवला. मजकूर, नाताळच्या शुभेच्छा. जार्विस यांच्याकडून उत्तर आलं नाही, कारण त्या फोनवरून उलट मजकूर पाठवायची सोयच नव्हती. हे मी चिरंजिवांना मुद्दाम सांगितलं. ‘त्यांच्या फोनला सोय नव्हती. तुझ्या फोनला आहे. चाळीस हजारांची आहे.’ त्यावर अंगठा आला.

ही म्हणते, राउटर बंद करा. केला. कन्या आपल्या मोबाईलच्या डेटावर गेली, चिरंजीव तिच्या डेटावर गेले, आणि बँकेचं काम अर्धवट राहिलं म्हणून मीच ओरडा खाल्ला.

अण्णांची गोष्ट निराळी. ते जन्मभर तार ऑफिसात होते. शब्दाला पैसे पडण्याची त्यांना इतकी सवय, की जेवतानाही तारेच्या भाषेत बोलतात. ‘आमटी. अजून.’ ‘भात पुरे.’ ‘मीठ. चौकशी करा.’ याउलट साताऱ्याच्या आमच्या आत्याची पोस्टकार्डं. पंधरा पैशांच्या कार्डावर ‘शि. सा. न. वि. वि.’ पासून सुरुवात, मग पाऊस, म्हैस, गुडघे, आणि जागा संपली की कार्ड फिरवून समासात आडवं. मुद्दा पत्त्याच्या बाजूला, पोस्टमनच्या डोळ्यांसमोर. पण शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष हे सगळं पाच अक्षरांत बसवणाऱ्या लोकांना एसएमएसच्या लघुभाषेचं नवल वाटायचं कारण नव्हतं.

तार मात्र धाकाची. मी दुसरीत असेन. दुपारी अण्णा जेवायला घरी आले ते तोंड दगडासारखं करून. आजीने विचारलं, ‘काय रे, काय झालं?’ अण्णा म्हणाले, ‘शिपाई येईल.’ बस्स. कारण तार त्यांनीच स्वतःच्या हाताने उतरवून घेतली होती, आमच्याच घरची होती, पण तारेतला मजकूर तोंडाने फोडायचा नाही हा नियम. 1885 चा कायदा होता, घरच्या माणसाला सूट नव्हती! अण्णा मान खाली घालून ताकभात कालवत राहिले. आजीने पदर डोळ्यांना लावला, मग गळा काढला. शेजारच्या बायका आल्या. कुणीतरी आजीला पाणी पाजलं. वीस मिनिटांनी शिपाई सायकलवरून आला, तार फोडली, तर धाकट्या आत्याला मुलगा झाला होता, दोघं खुशाल. आजी म्हणाली, ‘मेल्या, हसायला तरी काय कायदा आडवा आला होता?’ आणि उरलेलं रडून घेतलं.

जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली लाईन 1850 ची. म्हणजे दीडशेच्या वर वर्षं चाललेलं प्रकरण. शेवटच्या दिवशी अण्णा रांगेत उभे राहून स्वतःच्याच नावाने घरी तार करून आले, आणि मग ती येईपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले. काय लिहिलंय ते तेव्हाही सांगितलं नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की कन्या मी न बोलावता जेवायला येते. तीन दिवस पाळत ठेवली. अण्णा आधीच पाटावर येऊन बसलेले, हातात चमचा, वाटीच्या काठाशी काहीतरी चाळा. टेकवायचा, ओढायचा. टिक्, खर्र. खर्र, खर्र. कन्या आतून बाहेर!

‘आजोबांनी तार केली,’ ती म्हणाली. चमचा नुसता टेकवला की डॉट, काठावरून ओढला की डॅश. सुट्टीत तारेच्या मोर्स लिपीची शिकवणी झाली होती. कानात काहीबाही असताना माझी हाक जात नाही, पण स्टीलवरची खर्र दातांपर्यंत जाते म्हणे. मजकूर चारच रोमन अक्षरांचा, ए-एम-टी-आय. आमटी. ए म्हणजे डॉट डॅश, एम दोन डॅश, टी एक डॅश आणि आय दोन डॉट.

खातं माझं आणि तारा दुसऱ्याच्या, हे मला सहन होईना. दोन दिवस मी ऑफिसात टेबलाच्या कडेवर पेनाने सराव केला. शेजारचे सहकारी जागा बदलून गेले. तिसऱ्या दिवशी पानं मांडली, अण्णांच्या आधी वाटी घेतली आणि तार ठोकली. टिक् खर्र. खर्र खर्र. खर्र. टिक्.

आत शांतता. मग कुजबुज. मग चिरंजिवांचं दार उघडलं! ते चक्क इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बाहेर आले. मागून कन्या ओढणी सारखी करत आली. बाल्कनीतून अण्णाही काठी टेकत आले, आल्या आल्या दाराकडे बघू लागले. आठ सदतीस. तिन्ही माणसं. माझ्या कारकिर्दीत असं झालं नव्हतं.

‘कुठे आहेत?’ मुलाने विचारलं.

‘कोण?’

‘आमटे. ही म्हणाली, बाबांनी तार केलीय, आमटे आलेत.’

‘आमचे हेडक्लार्क होते आमटे,’ अण्णा म्हणाले. ‘तेच का?’

मी वाटीकडे बघितलं. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, काठावर चमचा दोनदा टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं. ‘शेवटचं अक्षर आय. दोन डॉट. तू एक खाल्लास.’

‘बरं, आता आमटीपण खा,’ ही म्हणाली आणि पळी आपटली.