पुडीवर साईज लिहायला यांचं काय जातं?

आज इतकी वैतागलेय ना की हे कुठेतरी ओकल्याशिवाय झोप लागणार नाही. मण्यांचे दागिने करायला लागून काही महिने झाले आणि या सगळ्या काळात मला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल तर त्या झिपवाल्या पारदर्शक पुडीने, जिच्यावर काहीही लिहिलेलं नसतं. काहीही म्हणजे काहीही. मणी किती एमएमचा, काचेचा की प्लास्टिकचा, किती ग्रॅम, किती नग, कुणी बनवला, कुठून आला, काही म्हणून नाही. फार तर एक चिठ्ठी स्टेपल केलेली, तिच्यावर बॉलपेनने एक आकडा, आणि तो आकडा भाव आहे की कोड आहे ते दुकानदारालाही दुसऱ्या पोऱ्याला हाक मारून विचारावं लागतं.

ज्यांनी कधी हे केलं नाहीये त्यांना वाटेल एवढं काय त्यात, मणी तर आहे. म्हणून सांगते. बारीक काचमणी, ज्यांना आता सगळे सीड बीड म्हणतात, त्यांचा साईज नंबरात असतो, ११/०, ८/०, ६/० असा. आकडा मोठा तेवढा मणी बारीक. ११ नंबर साधारण दोन एमएमचा, ८ नंबर तीनचा, ६ नंबर चारचा, १५ नंबर दीडचा. दोन एमएमचा मणी हातात घेतला की डोळ्यांना काहीच कळत नाही, सगळे सारखेच दिसतात. पण चोकरची जाळी करताना एका ओळीत साठेक मणी जातात, आणि प्रत्येक मणी नुसता पाव एमएम मोठा निघाला ना तरी त्या एका ओळीत दीड सेंटिमीटरचा फरक पडतो. दीड सेंटिमीटर! गळ्याला बसणाऱ्या दागिन्यात! मग ओळ वर उचलली जाते, खालची ओळ आत ओढली जाते, मधे फुगा येतो, आणि तुम्ही व्हिडिओ मागे घेऊन घेऊन बघत बसता की आपलं कुठे चुकलं.

माझं कुठेच चुकलेलं नव्हतं. राग त्याचाच येतोय.

परवाचंच सांगते. आईसाठी हिरव्या आणि सोनेरी मण्यांची जाळी करत होते. दोन ओळी छान बसल्या, तिसऱ्या ओळीपासून एक बाजू तिरकी. उसवलं, परत केलं, परत तिरकी. शेवटी दिराचा व्हर्नियर कॅलिपर मागून आणला, तो वर्कशॉपमध्ये असतो त्याच्याकडे डिजिटलवाला आहे, आणि ताटलीत मणी ओतून एकेक मोजत बसले. एकाच पुडीत १.८ पासून २.४ पर्यंतचे मणी. काही चपटे, चकतीसारखे, काही लांबट, दोन-दोन एकमेकांना चिकटलेले, आणि काहींचं भोकच बुजलेलं. सुई आत जाते, अर्ध्यात अडकते, मागे येत नाही पुढे जात नाही, पक्कड लावून ओढली की कट्ट करून मणी फुटतो आणि काचेच्या कडेने दोरा कापला जातो. मग अख्खी ओळ खाली ओघळते. बीडिंगची सुई अर्ध्या एमएमहूनही बारीक असते हो, ती जर जात नसेल तर त्या भोकाला भोक तरी का म्हणायचं?

आणि हे पुडी घेताना विचारलं नव्हतं असं नाही. पेठेतल्या होलसेलच्या दुकानात उभं राहून स्पष्ट विचारलं होतं, दादा, हा अकरा नंबर आहे का? "हो मॅडम अकराच आहे, सगळे हेच नेतात." सगळे हेच नेतात, हे उत्तर आहे का? मी साईज विचारतेय. मटेरियल विचारलं की "एक नंबर आहे", काचेचे का विचारलं की "इम्पोर्टेड आहे". अहो इम्पोर्टेड कुठून? चेक प्रजासत्ताकात याब्लोनेत्स नावाचं गाव आहे, तिथे शतकानुशतकं काचमणी होतात. जपानात हिरोशिमाच्या बाजूला मियुकी आणि तोहो या कंपन्यांचे मणी होतात, ते इतके एकसारखे असतात की डोळे मिटून ओवले तरी ओळ सरळ येते. आणि चीनहून येणारा स्वस्त मिक्स मालही इम्पोर्टेडच. या तिघांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुम्ही तिघांना एकच लेबल लावता, तेही तोंडी!

स्वस्त माल विकू नका असं मी म्हणतच नाहीये. स्वस्त मालाचं काम असतं, तोरणाला, रुखवताच्या महिरपीला, शाळेतल्या पोरांच्या प्रोजेक्टला काही प्रत्येक मणी सारखा लागत नाही. पण पुडीवर लिहा ना, की बाबा हे मिक्स साईज आहे. म्हणजे मी जाळीला घेणार नाही, तोरणाला घेईन. चार शब्द लिहायला यांचं काय जातं?

बरं आणि कायदा नाही असंही नाही. पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत, २०११ चे, वैधमापनवाले, म्हणजे वजनमापांच्या सरकारी खात्याचे. आधीच बांधून ठेवलेल्या पुडीवर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, आत माल किती, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रार कुठे करायची, हे सगळं छापलेलं लागतं. आणि जिथे वस्तूच्या साईजला महत्त्व आहे तिथे साईजसुद्धा. मण्याइतकं साईजला महत्त्व अजून कशात असणार? हे मी दुकानात बोलले तर म्हणे, "मॅडम हा सुट्टा माल आहे." सुट्टा म्हणजे माझ्यासमोर बरणीतून काढून वजन करून दिला तर सुट्टा. तुम्ही आधीच पुड्या भरून, सील मारून, भिंतीवर शंभर लटकवून ठेवल्यात, तो सुट्टा कसा झाला?

ऑनलाईन त्याहून वाईट. फोटोत मणी बोराएवढा, घरी येतो तो मोहरीएवढा. टायटलमध्ये सहा एमएम, डिस्क्रिप्शनमध्ये आठ, फोटोतल्या पट्टीवर तिसरंच काहीतरी. मटेरियलच्या रकान्यात "पर्ल". आणि ते "रियल पर्ल लुक" नावाचं प्रकरण तर बंदच करायला पाहिजे. हाती येतं ते एबीएस प्लास्टिक, वर मोत्याच्या रंगाचा थर. नखाने खरवडलं तर आतून पांढरं दूध प्लास्टिक दिसतं, काहींवर तर साच्याच्या जोडाची रेघ पण तशीच असते. खऱ्या मोत्याचा पैसा मी दिला नव्हता, खरा मोती मला नकोच होता, पण काचेचा मोती म्हणून जे पैसे घेतले तो काचेचा तरी द्या! मावशीला तीन पदरी सर करून दिला होता त्या मोत्यांचा. हळदीकुंकवाला घालून गेली, घाम आला, अत्तर लागलं, आणि घरी येईपर्यंत ब्लाऊजच्या गळ्यावर पापुद्रे. पांढरे चकचकीत पापुद्रे, कोंड्यासारखे. मावशी बिचारी म्हणते, "राहू दे गं, पहिलाच आहे तुझा, हात बसेल हळूहळू." मावशी, हाताचा काय संबंध! ओवण्यात एक गाठ ढिली नव्हती. मालच खोटा होता.

आणि माझं खरं दुखणं तिथेच आहे. हात बसेल. सगळे हेच म्हणतात. नवीन माणूस शिकायला येतो, त्याला साईज माहीत नसतो, दोरा माहीत नसतो, तो मिळेल ते घेतो, दागिना वाकडा होतो, तुटतो, काळा पडतो, आणि सगळे त्याला समजावतात की तुला अजून जमत नाहीये. माझ्या ऑफिसमधल्या दोघी याच्याआधी हे करून सोडून बसल्यात. एक म्हणाली माझ्या हातात ती कलाच नाही गं. मी तिची ती अर्धवट राहिलेली बांगडी बघितली, टाके इतके नेटके की काय सांगू. मणी मात्र तीन साईजचे. तिला अजूनही वाटतंय की तिच्या हातात कला नाही. याचा संताप येऊ नये तर काय व्हावं?

त्यात ते बिगिनर किट. बिगिनरला द्यायचं म्हणून निवडून निवडून वाईट माल भरतात की काय देव जाणे. पक्कड आतून दातेरी, इलेक्ट्रिशियनची असते तशी. दागिन्याच्या पकडीची चोच आतून गुळगुळीत लागते, दातेरीने जंप रिंग, म्हणजे जोडायची छोटी कडी, धरली की पॉलिशवर ओरखडे पडणारच. क्रिम्प, म्हणजे दोऱ्याचं टोक पकडायला दाबून बसवतात तो धातूचा बारीक मणी, दाबला की तडकतो. आणि दोरा म्हणून इलास्टिक, वर सल्ला असा की त्याच इलास्टिकला क्रिम्प लावा. अहो क्रिम्पच्या धातूने इलास्टिक कापलं जातं! काही दिवसांत ब्रेसलेट तुटून मणी घरभर, आणि परत तेच, तू नीट बांधलं नसशील.

दोऱ्याचं तर कुणी बोलतच नाही. सरसकट तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, देतात. तंगूस वाईट नाही, पण त्याला पीळ राहतो, गाठ सरकते, काही दिवसांनी पिवळा पडतो, कडक होतो, आणि धारदार कडेच्या क्रिस्टलमध्ये तर तो कापलाच जातो. तिथे विणलेला दोरा लागतो, मासे पकडायच्या फायरलाईनसारखा. मोत्याला रेशीम लागतं आणि दोन मोत्यांच्या मधे गाठ, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि तुटलं तरी एखाददुसराच सुटतो. हे मला कुठल्या पैसे भरून केलेल्या वर्कशॉपमध्ये कळलं नाही. तिथल्या मॅडमनी साईज विचारला तर "आपल्या किटमधले घ्या, त्यात सगळं आहे" एवढंच सांगितलं, आणि किट त्यांच्याकडेच मिळणार, दुसरीकडे नाही.

हे कळलं लक्ष्मी रोडच्या आसपास बसणाऱ्या एका पटवेकरी, म्हणजे दागिने गाठवणाऱ्या, काकांकडून. आजीची ठुशी गाठवायला गेले होते. त्यांना माझे मोती दाखवले, त्यांनी एक उचलला, दोन बोटांत फिरवला, उजेडाकडे धरून वेज, म्हणजे भोक, बघितला, म्हणाले, "बाळ, हा आतून तिरका पाडलाय. सरळ लोंबणारच नाही. कितीला घेतलेस?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, परत दिले. मग समोरच्या डब्यातलं रेशीम काढून गाठ कशी सरकवत मोत्याला टेकवायची ते दोनदा करून दाखवलं. फुकट. ज्या माणसाचं पोट या कामावर आहे तो फुकट सांगतो आणि जे शिकवायचे पैसे घेतात ते साईजसुद्धा सांगत नाहीत.

आणि वेज सरळ पाडणं ही काय आत्ताची विद्या आहे का? हडप्पाकाळात, साडेचार हजार वर्षांपूर्वी, याच देशात लोक अकीकाच्या, म्हणजे अॅगेट दगडाच्या, लांबलचक मण्यांना आरपार सरळ भोक पाडत होते, त्यासाठीचे खास दगडी ड्रिल धोलावीराला सापडलेत. खंबातला आजही अकीकाचं काम चालतं. हाथरस जिल्ह्यात पुरदिलनगरला अख्खं गाव काचमणी करतं, बनारसच्या काचमण्यांना तर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. म्हणजे चांगला मणी आपल्याकडे होत नाही असं अजिबात नाही. मग ज्या कारागिराने भट्टीपुढे बसून तो मणी केला त्याचं गाव पुडीवर का नाही? त्या पुडीतून माझ्यासारखीला जसं काही कळत नाही तसंच त्याचंही नाव कुणाला कळत नाही, मधले सगळे मात्र मजेत.

कानातल्यांचं एवढं लिहून थांबते. "अँटी-अॅलर्जिक" म्हणून घेतलेले हूक. बहिणीच्या मुलीचे कान दुसऱ्या दिवशी लाल, पाणी यायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या निकेल असणार. युरोपात कानातल्यांतल्या निकेलवर १९९४ मध्येच नियम आला, आणि इथे कार्डवर गोल्डन अक्षरात अँटी-अॅलर्जिक छापलं की झालं, कशाचं बनवलंय ते कुठेच नाही. वाकड्या जाळीचं एकवेळ सोडून देईन, पण हे पोरीच्या कानाचं नाही सोडणार.

हूकचं कार्ड, पुडी, बिल, सगळं जपून ठेवलंय, फोटो काढलेत, कॅलिपरवरच्या आकड्यांचेही काढलेत. उद्या १९१५ ला, ग्राहक हेल्पलाईनला, फोन करणार आहे आणि वैधमापनला लेखी देणार आहे. तुमच्याकडेही अशा कोऱ्या पुड्या पडल्या असतील तर फेकू नका, बिलासकट ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा. आणि ज्यांनी कंटाळून सोडून दिलंय त्यांनी आधी आपले मणी मोजा, प्लीज, मोजाच.