हॉस्टेलला नाव द्यायचं तर इब्न सीनाचं द्या

पॅरिसच्या दक्षिण टोकाला सिते युनिव्हर्सितेर म्हणून विद्यार्थ्यांची अख्खी वसाहत आहे, एकाच आवारात चाळीसेक वसतिगृहं, त्यातली बरीचशी निरनिराळ्या देशांची, आपलं मेझाँ द लांद पण तिथेच. आपल्याकडची तिथे राहून आलेली पोरं भेटली की विचारा, रिंगरोडला लागून ती लोखंडी सांगाड्याला टांगलेली बिल्डिंग बघितली का. बिल्डिंग बघितलेली असते, पण नाव विचारलं की गप्प. फाँदासिओं आविसेन. आविसेन म्हणजे इब्न सीना हो, हजार वर्षांपूर्वीचा वैद्य आणि तत्त्वज्ञ, युनानी वाले हकीम ज्याला शेख-उर-रईस म्हणतात तोच.

१९६९ ला ती उघडली तेव्हा पाटीवर हे नाव नव्हतंच. तेव्हा ते इराण भवन होतं, इराणचा राजा शहा, त्याच्या सरकारने बांधून घेतलेलं. जमिनीखाली जुन्या दगडखाणींची पोकळी, म्हणून नेहमीसारखा पाया न घालता तीन अजस्र पोलादी चौकटी रोवल्या आणि त्यांना चार-चार मजल्यांचे दोन ठोकळे अडकवले, मधे मोकळी जागा, बाहेरून गोल फिरत जाणारा जिना. फरूघी आणि घियाई हे दोन इराणी आर्किटेक्ट आणि क्लोद पारां, आंद्रे ब्लोक हे दोन फ्रेंच. (ब्लोक १९६६ साली नवी दिल्लीत वारला, बिल्डिंग पूर्ण झालेली त्याने बघितलीच नाही.)

पुढची गंमत अशी की शहाच्या पैशाच्या या बिल्डिंगमधे पोरं शहाच्याच विरोधात घोषणा द्यायला लागली. शेवटी १९७२ मधे इराणने कारभारातून अंग काढून घेतलं आणि देशाच्या नावाच्या जागी इब्न सीना आला. म्हणजे नाव दिलं ते काही विद्वत्तेच्या प्रेमाने उतू जाऊन नव्हे, सरळ राजकीय सोय होती. पण माझं म्हणणं असं की सोय म्हणून का होईना, यापेक्षा फिट्ट बसणारं नाव त्यांना सापडलं नसतं.

कारण या माणसाला जन्मभर स्वतःचं धड घर असं लाभलंच नाही. ९८० च्या आसपास बुखाऱ्याजवळ जन्म, सतराव्या-अठराव्या वर्षी तिथल्या सामानी घराण्याच्या सुलतानावर उपचार केले आणि त्या बदल्यात राजवाड्यातल्या ग्रंथालयाची दारं उघडून घेतली. मग ते राज्य बुडालं आणि सुरू झाली वणवण. गझनीच्या महमूदाला हा दरबारात हवा होता, हा गेलाच नाही (अल बिरूनी गेला, पुढे त्याने हिंदुस्थानावर लिहिलं ते आपल्याला माहितीये). इराणातल्या हमदानला वजीर झाला तर सैन्याने बंड करून याचं घर लुटलं, हा चाळीस दिवस एका ओळखीच्याकडे लपून. नंतर पुन्हा लपायची वेळ आली तेव्हा एका अत्ताराच्या घरी बसून, हाताशी एकही पुस्तक नसताना रोज पन्नास पानं लिहायचा असं त्याचा शिष्य जुझजानी सांगतो. काही महिने किल्ल्यात कैद, तिथेही लिखाण चालूच. कानून हे त्याचं वैद्यकावरचं पुस्तक, ज्याच्यावर युरोपातली मेडिकल कॉलेजं पुढे काही शतकं चालली, ते असं फिरत्या बिऱ्हाडावर लिहिलेलं आहे.

आणि हमदानचा दिनक्रम तर अस्सल हॉस्टेलचा. दिवसा सरकारी काम, रात्री विद्यार्थी जमायचे, आळीपाळीने वाचन, आणि वाचन संपलं की गाणारे यायचे आणि दारू निघायची. हेही जुझजानीनेच लिहिलंय, मी पदरचं घालत नाहीये. शिवाय अरिस्टॉटलचं मेटाफिजिक्स चाळीस वेळा वाचूनही डोक्यात शिरेना, शेवटी बाजारात तीन दिरहमला त्याच्या आधीचा तत्त्वज्ञ फाराबी याचं छोटं पुस्तक मिळालं तेव्हा उजेड पडला, हे त्याने स्वतः सांगितलंय. स्वस्तातल्या गाईडवर पास होणाऱ्यांना यापेक्षा मोठा आधार कुठला पाहिजे!

पॅरिसजवळ बोबिन्यीला एका हॉस्पिटललाही त्याचं नाव आहे. वैद्य म्हणून ठीकच. इराण, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान तिघंही त्याला आपला म्हणतात, तेही ठीक. पण मला विचाराल तर तो सगळ्यात जास्त शोभतो तो भाड्याच्या खोलीत, रात्री दोनला दिवा चालू ठेवून बसलेल्या परक्या गावच्या पोराच्या दारावर.

राग येतो तो एवढाच की नाव दिलं आणि बिल्डिंग मात्र गंजू दिली. २००८ मधे ती संरक्षित वारसा म्हणून जाहीर झाली, पण कित्येक वर्षं खोल्या रिकाम्याच होत्या. स्थापत्य जपलंच पाहिजे, वाद नाही, पण पॅरिससारख्या शहरात जिथे विद्यार्थ्याला एक खोली मिळायची मारामार, तिथे इतक्या खोल्या वर्षानुवर्षं कुलपात राहिल्या म्हणजे कमाल आहे. आपण तरी काय वेगळं करतो म्हणा, पाटीला हार, उद्घाटनाला मंत्री आणि आत नळाला पाणी नाही. आपल्या विद्यापीठातल्या हॉस्टेलांना नुसते नंबर असतात त्यावर मी पूर्वी वैतागायचो, आता वाटतं नंबरच राहू देत, आधी खोल्या वाढवा आणि रीडिंग रूम रात्रभर उघडी ठेवा, नावाचं मग बघू.