‘एकच पासवर्ड, काय बिघडतं?’ बरंच बिघडतं

भांडुपला मावशीच्या इमारतीत केबलवाल्याने तिच्या ब्रॉडबँडचा आयडी-पासवर्ड समोरच्यांच्या राउटरमध्येही टाकून ठेवलाय. तिला न विचारता. तिने जाब विचारला, तर त्याने इमारतीच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज पुढे केला आणि मावशीला तो पटलाही! मेसेज असा: ‘एका आयडीवर दोन-तीन घरांत नेट चालवलं तर पैसे वाचतात. पासवर्डवरून कुणाला तुमचं काही दिसत नाही. काही झालंच तर पोलिसांना नेमका मोबाइल कळतो. आणि कनेक्शन केबलवाल्याने दिलंय, म्हणजे जबाबदारी त्याचीच.’

पैशांचं आधी उरकते. वाचतात ते केबलवाल्याचे. कंपनीला तो एका कनेक्शनचे भरतो, वसूल दोन्ही घरांतून करतो. मावशीचं बिल एका रुपयानेही उतरलेलं नाही.

‘काही दिसत नाही’ हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. त्या पासवर्डने समोरच्यांना मावशीचे बँकेचे व्यवहार किंवा व्हॉट्सॲप वाचता येणार नाही. पण बऱ्याच ठिकाणी त्याच आयडीने कंपनीच्या साइटवरचं ग्राहकाचं खातंही उघडतं. तिथे नाव, पत्ता, मोबाइल नंबर, बिलं, सगळं असतं.

खरा संताप ‘नेमका मोबाइल कळतो’ या वाक्याचा येतो. कसा कळेल? कंपनीच्या सर्व्हरवर नोंद होते ती कोणत्या आयडीला कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता (इंटरनेटवर कनेक्शनला मिळणारा क्रमांक) दिला याची. फार तर राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक. घरातल्या मोबाइलचा मॅक पत्ता राउटरच्या पलीकडे जातच नाही. शिवाय हल्लीचे फोन वाय-फायला जोडताना बनावट मॅक पत्ता वापरतात. कंपनीला परवान्याच्या अटींनुसार 2021 पासून सर्व्हरवरच्या या नोंदी किमान 2 वर्षं जपाव्या लागतात. पोलिसांनी आयपी आणि वेळ दिली, की कंपनी त्या आयडीवरच्या ग्राहकाचं नाव देणार. म्हणजे मावशीचं. समोरच्या घरात कुणी काय केलं, याची पहिली विचारपूस तिच्या दारात.

हे मनाचे खेळ वाटत असतील, तर 2008 आठवा. 26 जुलैला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग सानपाड्यातल्या एका अमेरिकन रहिवाशाच्या वाय-फायपर्यंत गेला. एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) त्यांची चौकशी केली, संगणक तपासायला नेले. वाय-फाय बाहेरच्याने वापरल्याचं नंतर निष्पन्न झालं. त्यानंतरचे ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले होते. या प्रकारांनंतर, 2009 मध्ये, दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या. तिथे निदान बाहेरचा माणूस चोरून शिरला होता. इथे तर केबलवालाच किल्ली वाटत फिरतोय.

राहिली जबाबदारी. केबलवाल्याची चूक आहेच. पण आधार कार्ड मावशीचं, अर्जावर सही मावशीची, आणि कनेक्शन दुसऱ्याला वापरू देऊ नये ही अट बहुतेक अर्जांत असते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. ‘सगळेच करतात’ हे उत्तर तिथे चालत नाही.

मावशीला सांगितलंय: केबलवाल्याला नाही, थेट कंपनीला फोन कर. पासवर्ड बदलून घे, आयडी तुझ्याच राउटरला बांधून घे, आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेव. समोरच्यांचं नेट बंद पडलं, तर त्यांना स्वतःच्या नावावर कनेक्शन घेऊ दे.