चौकशीला कधीही नाही म्हणू नका

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. हार उतरले, डीजे गेला, आता पुढली पाच वर्षं कुणी ना कुणी हिशेब विचारणारच. नवखे पुढारी इथेच चुकतात. चौकशीची मागणी झाली की चिडतात, 'विरोधकांचं कारस्थान' म्हणतात आणि प्रकरण कोर्टात जातं. मुरलेला माणूस पहिल्याच दिवशी सांगून मोकळा होतो, 'सखोल चौकशी होईल, कुणालाही पाठीशी घातलं जाणार नाही.' बोलायला पैसे पडत नाहीत. चौकशी खुशाल होऊ द्यावी. ती कोण करणार, कधी संपणार आणि तिचा कागद कुणाच्या कपाटात राहणार, एवढंच आपल्या हातात ठेवावं.

समिती नेमण्याआधी दोषी मात्र ठरवून घ्या. तो असा हवा की त्याच्यावर समन्स बजावता येणार नाही. कोकणात निसर्ग भरपूर, त्यामुळे तुटवडा नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून बोंबलत होते. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी मात्र खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकडा बांध पोखरतो हे खरंच आहे, खारभूमीचा कुठलाही शेतकरी सांगेल. म्हणूनच तो दर वर्षी बांधावर फिरून भोकं बुजवतो, हे पुढचं वाक्य पत्रकार परिषदेत घ्यायचं नसतं.

दुसरा दोषी वारा. मालवणात राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी कारण दिलं ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचं. इथे थोडं चुकलं. वारा म्हणावं, सोसाट्याचा म्हणावं, पण आकडा देऊ नये, कारण आकडा ताडून बघता येतो. बांधकामांवरचे भार ठरवणारं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात या किनाऱ्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. आणि ४५ चा वारा पावसाळ्यात कसा असतो, ते किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या मालवणच्या रापणकरांना तुम्ही सांगायला जाणार?

आता समिती. लोक 'न्यायालयीन चौकशी' मागतील. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग नेमलात, तर अहवाल आल्यापासून सहा महिन्यांत तो कृती अहवालासह विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. आयोगाच्या शिफारशी सरकारला बंधनकारक नसतात ही जमेची बाजू, पण छापील अहवाल उगाच लोकांच्या हाती पडतो. त्यापेक्षा विभागीय समिती बरी. तिला असलं काही बंधन नाही. एक शासन निर्णय काढला की झालं.

त्या शासन निर्णयात सगळी मेख 'कार्यकक्षा' या परिच्छेदात असते. तिथे लिहावं: 'घटनेची तांत्रिक कारणमीमांसा करणे व भविष्यात अशा घटना टाळण्यासाठी उपाययोजना सुचविणे.' 'जबाबदारी निश्चित करणे' हे शब्द चुकून टंकले गेले असतील तर सही करू नका, मसुदा परत पाठवा. जे कार्यकक्षेत नाही त्यावर समिती बोलत नाही, आणि बोललीच तर 'समितीने कार्यकक्षा ओलांडली' म्हणून अहवाल बाजूला सारता येतो. सदस्य तीन पुरे. अध्यक्ष त्याच खात्यातला, शक्यतो निवृत्तीला आलेला आणि पुढे कुठल्या तरी महामंडळावर नजर असलेला. खरा माणूस सदस्य सचिव, कारण इतिवृत्त तो लिहितो. ज्या कार्यालयाने कामाचं मोजमाप पुस्तक भरलं आणि बिलं काढली, तिथलाच घ्या. त्याला प्रकरणाची इत्थंभूत माहिती असते. बैठक देवापुढच्या गाऱ्हाण्यासारखी चालावी: एकाने बोलायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा'.

मलबा लगेच हलवा. काँक्रीटचे गाभे काढून चाचणी करायची तर काँक्रीट जागेवर असावं लागतं, आणि तुटलेला वेल्ड वितळला की बोलत नाही. लोक तुमचं तत्पर म्हणून कौतुकही करतील. मुदत एक महिन्याची द्या, मग एकेक महिन्याने वाढवत न्या. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय, तिथून शिकण्यासारखं आहे: तारीख विचारली की 'गणपतीपर्यंत' म्हणायचं. कुठल्या गणपतीपर्यंत ते आपण सांगत नाही.

यातूनही पोलीस केस झालीच, तर कायदा आता बराच प्रेमळ झालाय. जुन्या काळी तसं नव्हतं. रायगडचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, ट्रस्टला देणगी घेऊन सिमेंट वाटल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये ते पायउतार झाले. राजीनाम्याची ही चाल हल्ली कुणी खेळत नाही. वर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याच प्रकरणात सांगितलं की, ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटलं असेल तर खटल्याला मंजुरी लागत नाही. म्हणजे खुर्ची गेली की छत्रीही गेली. २०१८ च्या दुरुस्तीने ही गैरसोय दूर केली. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ ची मंजुरी आता पद सोडलेल्यांसाठीही लागते, आणि नव्या कलम १७अ प्रमाणे पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी सुरू करायलाही पूर्वपरवानगी हवी. रंगेहाथ सापडलात तर मात्र १७अ उपयोगाचं नाही. तेव्हा रोख स्वतः घेऊ नये, हे सांगायला लागू नये.

लोकायुक्ताचा तर अभिमान बाळगा. महाराष्ट्राने १९७१ मध्येच कायदा केला आणि हे पद इथे देशात सर्वांत आधी प्रत्यक्षात आलं. त्या कायद्याने लोकायुक्त शिफारस करतात, शिक्षा करीत नाहीत. पुढे नवं विधेयक आलं, डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत मंजूर झालं. त्यात मुख्यमंत्रीसुद्धा कक्षेत आले. फक्त त्यांच्या चौकशीला विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता हवी. २८८ चे दोन तृतीयांश १९२. ज्या सभागृहात बहुमत आहे म्हणूनच माणूस मुख्यमंत्री आहे, तिथे त्याच्याविरुद्ध १९२ हात वर झाले की चौकशी सुरू. भाषणात 'मुख्यमंत्रीही कक्षेत' एवढंच वाचा, टाळ्या हमखास.

कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवा. चर्चेला वेळ उरत नाही, पत्रकार गाडी पकडायच्या घाईत असतात. तो अहवाल तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधकांकडे असतं, त्यांना ते लखलाभ.

खरी डोकेदुखी कॅग नव्हे. ती दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून येते. माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात कारण विचारता येत नाही, कलम ६(२) आडवं येतं. मात्र महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा हवा, म्हणून आधी शब्द मोजायला लावा. मुदत ३० दिवसांची. अठ्ठाविसाव्या दिवशी कळवा की माहिती चार हजार पानांची आहे, पानाला दोन रुपयांप्रमाणे आठ हजार भरा. आपले लोक इथे एकच चूक करतात: हे पत्र एकतिसाव्या दिवशी पाठवतात. मुदत टळली की कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते, आणि चार हजार झेरॉक्स आपल्याच कार्यालयाच्या बोडक्यावर बसतात. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबांकडे, म्हणजे घरातच. दुसरं राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. दंड दिवसाला २५० रुपये, पण २५,००० च्या पुढे जात नाही, आणि तो जन माहिती अधिकाऱ्याच्या पगारातून. तुमच्या नव्हे.

अर्जदार काय शोधतो ते ओळखून ठेवा: घटनेच्या आधीच्या तारखेचं पत्र. मालवणात पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, बांधकाम खात्याच्या अभियंत्याने नट-बोल्ट गंजल्याचं, पुतळा उभारणाऱ्या नौदलाला लेखी कळवलं होतं. एकदा असं पत्र निघालं की खेकडाही उपयोगाचा नाही आणि वाराही. म्हणून तक्रार तोंडी ऐकावी, चहा पाजून ऐकावी. कुणी कागद घेऊन आलाच, तर टपाल घेणारा क्लार्क रजेवर असावा. आवक नोंदवहीत क्रमांक पडला आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, सही, तारीख मिळाली, की तो माणूस ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं जपतो.

ग्रामसभा वर्षातून चार तरी घ्याव्याच लागतात. शिमग्यात आणि गणपतीत घेऊ नका, मुंबईचे चाकरमानी गावात असतात आणि त्यांना अंदाजपत्रक वाचता येतं. भातलावणीच्या दिवसांत, भर पावसात, सकाळी दहाला ठेवा. गणपूर्ती होणार नाही. सभा तहकूब करा. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.

एवढं करूनही गावात एखादे निवृत्त गुरुजी उरतातच, ज्यांच्याकडे त्या पोचांची फाइल असते. त्यांच्याशी वाद घालू नका. १५ ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा, दक्षता समितीवर घ्या, आणि त्या समितीची बैठक लावू नका. गुरुजींनी शाल परत केली आणि 'बैठक कधी?' असं लेखी विचारलं, तर तीस दिवस त्या तारखेपासून मोजायला घ्या.